पान वाकडं कुणी केलं?

2020 चा उन्हाळा अकोले-संगमनेरच्या टोमॅटोवाल्यांना दोन कारणांनी आठवतो. टाळेबंदीमुळे माल न्यायची पंचाईत होती, आणि झाडावर जो माल होता तो धड पिकत नव्हता. एकाच फळावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग दिसू लागले. डोंगरापलीकडे जुन्नरकडूनही तीच तक्रार आली. लोकांनी त्याला 'तिरंगा' म्हणायला सुरुवात केली. करोनाचे दिवस होते. 'व्हायरस' एवढं ऐकलं तरी माणूस दचकायचा. टोमॅटो खाल्ला तर आपल्यालाही काही होईल, अशी भीती पसरली आणि उरलासुरला भावही गेला. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, हे सांगणारा आवाज त्या गोंधळात क्षीणच होता. शेतकऱ्यांना बियाण्याचा संशय होता. किसान सभेने तपासणीची आणि भरपाईची मागणी लावून धरली. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि मुख्य दोषी म्हणून कुकुंबर मोझॅक विषाणूचं नाव आलं. 2023 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातले टोमॅटो उत्पादक पुन्हा त्याच विषाणूच्या नावाने ओरडत होते.

उत्तर मिळालं, पण ज्यांना ते हवं होतं त्यांचे प्लॉट तोवर बसले होते. पिकाचं दुखणं ओळखावं कसं, कुणी, आणि ओळख पटेपर्यंत करायचं काय, यावर तेव्हापासून या भागात घराघरांत वाद आहे. त्यातला एक इथे माझ्या शब्दांत लिहून काढतो. मामा अकोले तालुक्यातले, प्रवरेच्या पाण्यावर शेती करणारे. दहा गुंठ्यांचं शेडनेट, आत ढोबळी मिरची. भाची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी पदवी घेतलेली, आता एका रोपवाटिकेत काम करते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, म्हणून बोलणं स्पष्ट आहे.

मामा : आलीस ते बरं झालं. नेटात व्हायरस शिरलाय. शेंडे गोळा झाले, पानं बारीक आन् कडक, हाताला लावलं की मोडतात. कळी गळते. फळावर खरबरीत तांबूस साल येतेय. दुकानदाराला पानं दाखवली, तोही म्हणाला व्हायरस.

भाची : किती पानं नेली होती?

मामा : चार-पाच.

भाची : कुठल्या झाडांची?

मामा : आता ते कोण लक्षात ठेवतं? दारातून आत गेलो, दिसली तशी खुडली.

भाची : म्हणजे दुकानदाराने दाराजवळची पाच पानं बघितली. तुमच्या नेटात झाडं किती आहेत?

मामा : दोन-अडीच हजार असतील.

भाची : मग बाकीच्यांचं काय दुखतंय ते अजून कुणी बघितलंच नाही. मारलंत काय काय?

मामा : आधी इमिडा. मग लॅम्डा. त्याच्यात बुरशीनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्य आन् एक टॉनिक. सगळं एका टाकीत, दर वेळी मजुरी कोण देणार? आठ दिवसांनी परत तेच. फरक शून्य. उलट जास्तच झालं.

भाची : विषाणूवर औषध नाही हे दुकानदाराने सांगितलं होतं का?

मामा : सांगितलं. वाहक किडी मारा म्हणाला.

भाची : बोलला ते चूक नाही. पण कुकुंबर मोझॅक पसरवणारा मावा पानात सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू झाडात सोडतो. तुमच्या औषधाने तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. पांढरी माशी मात्र तिचा विषाणू पसरवायला वेळ घेते, तिथे फवारणीचा थोडा उपयोग होतो. म्हणजे नुसतं 'व्हायरस' म्हणून चालत नाही. कुठला, हे ठरल्याशिवाय वाहकसुद्धा ठरत नाही.

मामा : हे बघ, तुझं सगळं खरं. पण ढोबळीचा तोडा थांबत नाय. नेटाला अनुदान निम्मं मिळालं, उरलेलं बँकेचं हाय. शेंडा गेला की महिन्याचं फळ गेलं. तू म्हणणार नमुना पाठव, अहवाल येऊ दे. 2020 ला आला होता ना अहवाल! तोवर मी प्लॉट उपटून बांधावर टाकला होता.

भाची : आणि बांधावरच्या त्या ढिगावरून मावा उठून शेजारच्या प्लॉटवर गेला असेल.

मामा : गेला असेल. त्या वक्ताला डोकं ठिकाणावर कुणाचं होतं?

इथे मामांची बाजू थोडी वाढवून सांगायला हवी, कारण शिकलेली माणसं ती फार लवकर झटकून टाकतात. कृषी सहायकाकडे एकाहून जास्त गावं असतात, शिवाय पंचनामे, योजना आणि ऑनलाइन नोंदी. सकाळी सातला उघडं सापडतं ते कृषी सेवा केंद्र. तिथला माणूस पान बघतो, बाटली देतो आणि पैसे पट्टी आल्यावर घेतो. डॉक्टर तोच, औषधवाला तोच, सावकारही तोच. कीटकनाशकं विकायला आता शेतीशी संबंधित शिक्षणाची अट आहे, आणि जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही आहे. पण काउंटरवर आलेल्या पाच पानांवरून निदान करायचं तर शिकलेला माणूसही अंदाजच करणार. आणि ज्याचं पोट बाटलीवर आहे त्याचा अंदाज बाटलीकडे झुकणार. यात तो लबाड असण्याची गरज नाही.

भाची : अहवालाचं नंतर बघू. आधी एक फेरी मारू. वही घ्या. प्रत्येक बेड म्हणजे एक रेघ. जिथे शेंडा बिघडलाय तिथे फुली मारायची. पिवळं झाड दिसलं तर गोल. बाकी काही लिहायचं नाही.

मामा : याने काय होणार?

भाची : पान सांगतं काय झालं. कुठून आलं ते नेट सांगतं. सजीव कारण असेल तर ते एका जागी सुरू होतं आणि पसरतं. तणनाशक, खत, पाणी यांतला दोष असेल तर तो एकदमच दिसतो, सरळ रेघेत किंवा एका बाजूने. ठिबकची लॅटरल चोंदली असेल तर दुखणं लॅटरलच्या रेघेनेच जाईल. कीड शिरली असेल तर दार, फाटकी जाळी, मजुरांची वाट, असं कुठेतरी तिचं मूळ सापडेल.

मामा : मला विचारशील तर मूळ पश्चिमेला हाय. तो बघ ऊस. शेजाऱ्याने मागल्या महिन्यात टू-फोर-डी मारलं. वारं इकडचंच होतं. मी त्याला बोललो पण होतो. भांडण झालं.

भांडण बांधाचं असलं की गुन्हेगार आधी सापडतो, गुन्हा मागून शोधावा लागतो. तरीही मामांचा संशय उडवून लावण्यासारखा नव्हता. प्रवरा काठाला उसाचं राज्य आहे, आणि उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी 2,4-डी सर्रास वापरतात. ऊस गवताच्या कुळातला, तो तगतो. टोमॅटो, मिरची, द्राक्ष, कपाशी ही पिकं मात्र या औषधाच्या नुसत्या वाऱ्यानेही वाकडी होतात. कपाशीचं रुंद पान फाटून भेंडीच्या पानासारखं दिसायला लागतं, आणि शेतकरी त्यालाही व्हायरसच समजतात. टोमॅटोवर तर फसगत आणखी मोठी. कुकुंबर मोझॅकने पान दोरीसारखं बारीक होतं, 2,4-डीने जे होतं तेही जवळपास तसंच दिसतं. पानाचा फोटो मोबाइलवर पाठवून या दोघांत फरक करणं पाचपन्नास वर्षं शेती केलेल्यालाही जमत नाही.

भाची : पश्चिमेच्या कडेला, नेटाच्या बाहेर, घरासाठी लावलेले टोमॅटो आहेत ना? चला, बघू.

मामा : ते चांगले हायेत की.

भाची : तेच म्हणते. ऊस आणि ढोबळी यांच्या मधोमध उघड्यावर उभा असलेला टोमॅटो सरळ आहे, आणि जाळीच्या आतली मिरची वाकडी. टू-फोर-डीचा वारा आला असता तर आधी टोमॅटो वाकडा झाला असता. दुसरं, तणनाशकाचा मार एकदा बसतो. त्या दिवसात निघणारी पानं वाकडी होतात, मग हळूहळू झाड सावरतं आणि नवीन पान सरळ यायला लागतं. तुमचं उलटं आहे. गेल्या आठवड्यातली पानं आधीच्यापेक्षा जास्त वाकडी आहेत.

मामा : मंग शेजारी सुटला म्हणायचा.

भाची : यातून तरी सुटला. आता दुसरा प्रश्न. तणनाशकाचा पंप वेगळा आहे का?

मामा : पंप एकच हाय. पण धुतो मी.

भाची : साध्या पाण्याने?

मामा : मंग कशाने?

भाची : टू-फोर-डी नळीच्या रबरात, नोझलमध्ये, टाकीच्या तळाला धरून राहतं. धुण्याचा सोडा घालून, रात्रभर ठेवून, पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे दुसरा पंप. या वेळी कारण ते नाही, कारण पंपातून आलं असतं तर फवारलेलं प्रत्येक झाड सारखं बिघडलं असतं. तुमच्या वहीत फुल्या कुठे आहेत बघा.

फुल्या दारापाशी दाट होत्या. तिथून दोन बेडच्या मधल्या वाटेने आत जाताना विरळ होत गेल्या होत्या. उत्तरेच्या कडेला जाळीला जिथे हातभर फाट होती, तिथे आणखी एक पुंजका होता. आणि मामांनी काढलेले गोल, म्हणजे पिवळी झाडं, भलत्याच ठिकाणी होती, मागच्या दोन बेडच्या शेपटाला. फुल्या आणि गोल एकमेकांत फारसे मिसळलेच नव्हते.

मामा : दाराजवळ पहिल्यांदा दिसलं हे मात्र खरं. आठवलं मला. बांधणीला ज्या बाया येतात त्या सकाळी दुसऱ्याच्या वांग्यात असायच्या, तिथून थेट इथं. त्याच्या वांग्याचेही शेंडे आखडलेले होते. आपण म्हटलं, वांग्याचं वांग्याला.

भाची : हे तुम्ही दुकानदाराला सांगितलं होतं का?

मामा : त्याने विचारलंच नाय.

भाची : आणि प्रयोगशाळेला नमुना पाठवला असता तर तिलाही कळलं नसतं. हे फक्त तुम्हालाच माहीत होतं.

मला या सगळ्या बोलण्यातली सर्वांत मोलाची जागा ही वाटते. मामा अनुभवाच्या नावाने जे सांगतात त्यातलं अर्धं ऐकीव असतं. पण पहिलं झाड कुठलं, त्या आठवड्यात काय काय झालं, कोण आलं, वारं कुठलं होतं, ही माहिती जगातल्या कुठल्याही यंत्राजवळ नसते. ती मामांजवळ होती, आणि ती बिनकामाची म्हणून त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली होती.

भाची : आता शेंडा उलटा करा. पान कुठे वळलंय, वर की खाली?

मामा : खाली. उलट्या होडीवाणी.

भाची : फुलकिड्याने पान कडेने वर वळतं. कोळ्याने खाली वळतं. खालच्या बाजूला तेलकट तांबूस चमक आहे, ती दिसली? आणि फळाची साल देठाजवळ खरबरीत आहे. विषाणूने पानावर फिकट-गडद हिरवे ठिपके येतील, पण अशी चमक नाही येणार. थांबा, मोबाइलला भिंग लावते.

मामा : मला काय दिसत नाय.

भाची : नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही. ब्रॉड माइट म्हणतात याला. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. पारदर्शक, पिवळसर. हलतोय तो बघू नका, अंडं बघा. लांबट, पानाला चिकटलेलं, आणि त्याच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. असं ठिपक्यांचं अंडं दिसलं की दुसऱ्या कुणावर संशय घ्यायचं कारण नाही.

मामा : हां... हाय. ठिपके हायेत. पण पोरी, मी दोन-दोन औषधं मारली. हा मेला कसा नाय?

भाची : कारण तो कीटकच नाही. आठ पायांचा आहे, कोळ्याच्या कुळातला. इमिडाक्लोप्रिड माव्याला, पांढऱ्या माशीला लागतं, याला लागत नाही. आणि लॅम्डाने याला खाणारे चांगले कोळी मारले. त्यामुळे याला रान मोकळं झालं. तुम्ही म्हणालात ना, फवारल्यावर जास्तच झालं? ते खरंच झालं होतं.

मामा : म्हणजे पैसे घालून वाढवला मी.

भाची : वाढवला असं नाही म्हणत. वाढायला जागा दिली. आणखी एक गोष्ट. पांढऱ्या माशीच्या पायाला धरून हा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. फाटक्या जाळीजवळचा पुंजका त्याचाच असणार. जाळी आजच शिवा.

मामा : मंग आता कोळीनाशक सगळ्या नेटात मारू.

भाची : फुल्या जिथे आहेत तिथे आणि त्याच्या भोवतीच्या झाडांवर. शेंड्याच्या पोटात, पानाच्या खालून. लेबलवर ढोबळीचं किंवा मिरचीचं नाव आहे ते बघून घ्या, आणि दुसऱ्या वेळी गट बदला. गंधक स्वस्त आहे, पण पस्तीस अंशांच्या वर ऊन गेलं की गंधकाने पान भाजतं, आणि मग ते भाजलेलं पान घेऊन तुम्ही परत दुकानात जाल. आणि लगेच शेंडा सरळ होईल अशी अपेक्षा धरू नका. याच्या लाळेचा परिणाम कोळी मेल्यावरही काही आठवडे दिसत राहतो. औषध लागू पडलं की नाही ते जुन्या पानावरून नाही, नवीन फुटव्यावरून ठरवायचं. आणि एक बेड न फवारता सोडा.

मामा : का?

भाची : नाहीतर तुम्हाला कधी कळणारच नाही की झाड औषधाने सुधारलं की हवा बदलल्याने.

मामा : त्या बेडचा माल कोण देणार? विद्यापीठ? तुमचे प्रयोग सरकारी पैशावर होतात. माझ्या बेडवर माझे पैसे हायेत.

भाची : आत्तापर्यंत जेवढ्या वेळा मारलंत तेही प्रयोगच होते, मामा. फक्त तुलनेला काही ठेवलं नव्हतं.

मामा : बोलणं सोपं हाय. अर्धा बेड सोडतो. त्याच्यावर आजार वाढला तर मी मारणार, तुला विचारणार नाय.

भाची : अर्धा चालेल.

शास्त्र आणि पोट यांच्यात तडजोड होते ती अशी, अर्ध्या बेडवर. मी भाचीच्या जागी असतो तर पाव बेडही मान्य केला असता.

गोलांचा प्रश्न राहिला होता. मागच्या बेडच्या शेपटाची झाडं पिवळट होती आणि दुपारच्या उन्हाला मान टाकायची. मामांनी त्यांना लोह, मॅग्नेशियम, जास्तीचं पाणी, सगळं देऊन पाहिलं होतं. आपल्या भागात पाण्याचा सामू जास्त आणि मातीत चुना, त्यामुळे लोहाची कमतरता वरच्या कोवळ्या पानांवर दिसणं नवीन नाही. पण कमतरता ओळखायची एक जुनी रीत आहे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून त्यांची उणीव खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन हलत नाहीत, म्हणून ती उणीव शेंड्याला दिसते. मामांची झाडं वर-खाली सारखीच मलूल होती.

भाची : एक झाड उपटा.

मामा : जिवंत झाड उपटू?

भाची : मेलेल्या झाडाच्या मुळीत सगळेच शिरतात, त्यातून कळत नाही पहिला कोण आला. आजारी पडायला लागलेलं हवं.

मामा : आजपर्यंत मी फळावर आलेलं झाड हाताने उपटलं नाय.

भाची : म्हणूनच आजपर्यंत मुळी बघितली नाही.

त्यांनी उपटलं. मुळ्यांना जागोजाग गाठी होत्या. सूत्रकृमी. नेटात दर वर्षी ढोबळी, काकडी, टोमॅटो हीच पिकं फिरतात, बेडची माती बदलत नाही, नांगराला आणि उन्हाला आत वाव नाही. अशा जागेत सूत्रकृमी दरसाल वाढतच जातो. राज्यातली कितीतरी पॉलिहाऊस यामुळेच मागे पडली. वर फवारून याचं काही होत नाही. बेड उन्हाळ्यात पारदर्शक कागदाखाली तापवणं, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिससारख्या मित्रबुरशी, मध्ये एखादं झेंडूचं पीक, आणि पुढच्या वेळी स्वच्छ माध्यमातलं रोप हे त्याचे उपाय. सगळे संथ.

मामा : म्हणजे दोन रोग झाले.

भाची : तीन. ही बांधणीच्या वाटेवरची दोन-चार झाडं बघा. पान खाली वळलेलं नाही, पण ठिपके फिकट-गडद आहेत. हा मात्र विषाणू असू शकतो. गडी तंबाखू मळतात का?

मामा : कोण नाय मळत?

भाची : तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू सुकलेल्या तंबाखूत वर्षानुवर्षं टिकतो. मळलेला हात शेंड्याला लागला की झालं. त्याला ना मावा लागतो ना माशी. याला औषध फवारायचं नाही. झाडं पिशवीत घालून नेटाबाहेर काढायची, हात साबणाने धुवायचे, कात्री जंतुनाशकात बुडवायची. आणि या झाडांचा नमुना मात्र पाठवायचाच.

1898 साली हॉलंडमध्ये बायरिंक याने याच तंबाखूच्या रोगाचा रस बारीक गाळणीतून गाळला. एकही जिवाणू त्यातून निसटू शकत नव्हता, तरी तो रस रोग लावत राहिला. विषाणू म्हणून काही वेगळंच असतं, ही कल्पना जगाला त्यातून मिळाली. त्याआधीच्या लोकांनी तोच रोग पाण्यावर, मातीवर, जिवाणूंवर ढकलून पाहिला होता. आज आपण नेमकं उलटं करतो. पान वाकडं दिसलं की विषाणू. अगोदर अज्ञान होतं म्हणून एक नाव सापडत नव्हतं, आता एक नाव सापडलंय म्हणून बाकीचं बघायचं राहून जातं. 'तिरंगा'चंही थोडं असंच झालं. कुकुंबर मोझॅक खरा होता, पण एप्रिल-मेच्या उष्म्यात टोमॅटोत लाल रंग धरणंच मंदावतं, पालाश कमी पडलं तरी फळ ठिपक्या-ठिपक्याने पिकतं. त्या वर्षी बांधावर फेकलेलं प्रत्येक तीनरंगी फळ विषाणूचंच होतं, असं मी म्हणणार नाही.

मामा : एक विचारतो. समज, रोपातूनच आलं असतं, बियाण्यातून आलं असतं, तर भरपाई मिळाली असती का?

भाची : तालुक्याला बियाण्यांच्या तक्रारींसाठी समिती असते. शेतकरी हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज महामंडळाच्या खटल्यात 2012 ला स्पष्ट म्हटलंय, म्हणजे ग्राहक आयोगातही जाता येतं. पण पीक उभं असताना पंचनामा व्हायला हवा. पावती, लॉट नंबर, पिशवीचं लेबल, थोडं उरलेलं बी, हे सगळं हवं. तुम्ही 2020 ला काय ठेवलं होतं?

मामा : राग.

भाची : रागाचा पंचनामा होत नाही.

मामा : खरं हाय. पण तुला एक सांगतो, आमच्यावर सगळं ढकलून चालणार नाय. भिंग आम्ही आणायचं, नकाशा आम्ही काढायचा, नमुना आम्ही पोचवायचा. मंग पगार कुणाला मिळतो? बाजाराच्या दिवशी बाजार समितीत एक माणूस आन् एक सूक्ष्मदर्शक ठेव म्हणावं सरकारला. भाजी विकायला आलेला माणूस पान दाखवून जाईल. एवढं झालं तर निम्म्या बाटल्या विकल्या जाणार नायत.

भाची : हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

मामांनी एका टाकीत कालवलेल्या औषधांबद्दल ती दोघं पुढे बोलली नाहीत, पण मला बोलावंसं वाटतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ती उघड्या रानात फवारत होती. शेडनेटात वारं कोंडलेलं असतं आणि फवारा डोक्याच्या उंचीवर असतो. चार औषधं एकत्र करून, कारण माहीत नसताना, अशा जागी फवारणं हा पैशाचा अपव्यय तर आहेच, फवारणाऱ्याच्या जिवाशीही खेळ आहे. फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतो.

माझा कौल असा. निदानाच्या रीतीत भाची बरोबर आहे, आणि ती रीत शेतकऱ्याच्या दारापर्यंत का पोचत नाही या तक्रारीत मामा बरोबर आहेत. जिल्ह्यात राहुरीचं विद्यापीठ आहे, बाभळेश्वरला आणि शेवगाव तालुक्यात दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एवढं असलेला जिल्हा पाच पानांवरून बाटल्या घेतो, हे शोभत नाही. मामांची बाजार समितीतल्या सूक्ष्मदर्शकाची मागणी अकोले, संगमनेर, राहाता इथल्या बाजार समित्यांनी मनावर घेतली तर तिला फार खर्चही येणार नाही.

तोवर आपण करण्याजोगं असं. नुकसान दिसलं की पहिल्या दिवशी औषध नको, फेरी आणि वही. नमुना न्यायचा तर नुसतं पान नेऊ नका. आजार सुरू झालेलं एक झाड मुळासकट न्या, शेजारचं एक चांगलं झाडही न्या. वर्तमानपत्रात गुंडाळा, पाणी शिंपडून प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, त्यात ते सडतं आणि मग सडण्याचंच निदान होतं. सोबत एका कागदावर लिहा : पहिलं झाड कुठे दिसलं, कधी, गेल्या महिन्याभरात काय काय फवारलं, शेजारी काय पीक आहे. आणि तणनाशकाचा पंप वेगळा घ्या, त्याच्यावर लाल रंगाने खूण करा, आणि तो पंप दुसऱ्या कुणाला उसना देताना ही खूण कशाची आहे ते सांगा.